सीजी ३६५००: जीव वाचवणारी बोट निवृत्तीनंतर पाण्यात ठेवावी की छपराखाली?

खारवारा

सीजी ३६५०० या बोटीवर इथे आधी कोणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून धागा काढतोय.

अमेरिकन तटरक्षक दलाची ही छत्तीस फुटी लाकडी मोटर लाइफबोट. १९४६ साली मेरीलँडमधल्या कर्टिस बे इथे, दलाच्या स्वतःच्या गोदीत बांधली. मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉडचा हात जिथे कोपरात वाकतो तिथल्या चॅटम ठाण्यावर तिने नोकरी केली आणि १९६८ साली ती निवृत्त झाली. तिच्या सगळ्या नोकरीतली एकच रात्र जगाला ठाऊक आहे, १८ फेब्रुवारी १९५२ ची. पेंडल्टन नावाचा टँकर वादळात मधोमध तुटला आणि या बोटीवरच्या चौघांनी त्याच्या मागच्या तुकड्यावरून ३२ माणसं उतरवून आणली.

निवृत्तीनंतर ती नॅशनल पार्क सर्व्हिसकडे गेली. संग्रहालयात ठेवायचा विचार होता, पण पैसा उभा राहिला नाही आणि बोट वेलफ्लीटच्या बाजूला उघड्यावर पडून राहिली. जवळपास तेरा वर्षं. ऊन, पाऊस, बर्फ, सगळं अंगावर. १९८१ साली ऑर्लीन्सच्या इतिहास मंडळाने ती मागून घेतली. ऑर्लीन्स, चॅटम आणि हार्विच या शेजारच्या गावांतले लोक सुट्टीच्या दिवशी येऊन खपले, गावातल्या दुकानदारांनी सामान दिलं आणि सहाएक महिन्यांत बोट पुन्हा पाण्यात उतरली. ऑर्लीन्सचं रॉक हार्बर हे तिचं घर झालं. २००५ साली तिची राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत नोंद झाली.

प्रश्न असा, की अशी बोट पाण्यात ठेवणं बरोबर आहे का? लाकूड दरवर्षी झिजतं, फळ्या बदलाव्या लागतात. मला स्वतःला ती पाण्यातच असावी असं मनापासून वाटतं. इंजिन बंद करून दोरीच्या कुंपणामागे उभी केली की तिचं काम काय होतं ते बघणाऱ्याला कळत नाही. पण इथे संग्रहालयात काम करणारी मंडळी आहेत, बोटींत वाढलेलीही आहेत. तुमचं काय मत?

सुलूमावशी

मत नंतर देते. आधी ती रात्र नीट सांगा बरं. बत्तीस माणसं छत्तीस फुटात मावली कशी?

लोकलकर

मावशी, आपण सकाळच्या विरार फास्टमध्ये जसे मावतो तशी. बोट बारा-एक जणांना वाचवून आणण्यासाठी बांधली होती असं वाचलंय.

खारवारा

बरोबर. बचावलेले बत्तीस अधिक स्वतःचे चार, म्हणजे परतताना बोटीवर छत्तीस माणसं होती.

मावशी, सविस्तर सांगतो. त्या दिवशी केप कॉडजवळ एक नाही, दोन टँकर तुटले. दोन्ही एकाच जातीचे, दुसऱ्या महायुद्धात घाईने बांधलेले टी-२. दुसऱ्याने, म्हणजे फोर्ट मर्सरने, बिनतारी संदेश पाठवला, त्यामुळे सगळी मदत तिकडे धावली. पेंडल्टन त्याच्या आधी, पहाटेच तुटला होता आणि कोणालाच कळलं नव्हतं. वायरलेसची खोली पुढच्या तुकड्यात आणि वीज तयार करणारी यंत्रं मागच्या तुकड्यात. पुढच्यांकडे वायरलेस होतं पण वीज नव्हती, मागच्यांकडे वीज होती पण वायरलेस नव्हतं. मागच्या भागातल्या ३३ जणांकडे साधा रेडिओ होता. त्यावर फोर्ट मर्सरच्या शोधाच्या बातम्या ऐकू येत होत्या, आपलं नाव मात्र कोणीच घेत नव्हतं. मला या सगळ्या हकिकतीत हा भाग सगळ्यात जास्त लागतो.

दुपारी चॅटमच्या रडारवर काहीतरी दिसलं आणि उलगडा झाला. ठाण्यातली अनुभवी माणसं आधीच फोर्ट मर्सरकडे गेलेली. ठाणेप्रमुखाने बर्नार्ड वेबरला जायला सांगितलं. वेबरला चोवीसही पूर्ण नव्हती. सोबत इंजिनवर अँडी फिट्झजेराल्ड, कारण त्याचा वरिष्ठ फ्लूने पडलेला. खलाशी रिचर्ड लिव्हसी. आणि चौथा अर्व्हिन मास्की, जो त्या ठाण्याचा नव्हताच. तो एका दीपनौकेवरचा (दीपगृहासारखा दिवा लावून समुद्रात नांगरलेलं जहाज), परत जायला बोटीची वाट बघत ठाण्यावर थांबलेला. माणूस कमी पडतोय म्हटल्यावर तो उठून उभा राहिला.

मासळी धक्क्यावरून छोट्या होडीने वल्हवत ते नांगरलेल्या ३६५०० पर्यंत गेले. चॅटमच्या तोंडाशी वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा दांडा आहे, तिथे लाटा फुटतात. पहिल्याच तडाख्यांत समोरची काच फुटली आणि होकायंत्र गेलं. बोट एवढी कलंडे की इंजिनाचं पेट्रोल तुटे आणि इंजिन बंद पडे. फिट्झजेराल्ड त्या बिळासारख्या जागेत सरपटत शिरून, भाजत, खरचटत, पुन्हा पुन्हा ते चालू करत राहिला.

अंधारात सर्चलाइटच्या झोतात टँकरचा मागचा तुकडा दिसला. वरून दोरशिडी सुटली आणि माणसं एकेक करून खाली येऊ लागली. वेबर प्रत्येकासाठी बोट लोखंडी भिंतीजवळ नेई आणि लाटेने आपटायच्या आत बाहेर काढी. ३२ वेळा जमलं. जॉर्ज मायर्स, ज्याला सगळे टायनी म्हणत, तो शेवटच्यांपैकी होता. धिप्पाड माणूस, इतरांना आधी उतरायला मदत करत होता. तो मात्र वाचला नाही. बोट आणि जहाजाच्या मधे सापडला.

परत येताना होकायंत्र नव्हतंच. वरिष्ठ रेडिओवरून वाद घालत होते की माणसं दलाच्या मोठ्या जहाजावर, म्हणजे कटरवर, चढवावीत. वेबरने रेडिओ बंद केला, वारा आणि लाटा पाठीशी घेतल्या आणि किनाऱ्याच्या दिशेने बोट सोडली. कुठेतरी वाळूला लागू, माणसं उतरतील, असा हिशेब. आणि पुढे चॅटम बंदराच्या तोंडाशी असलेल्या बोयाचा (तरंगत्या खुणेचा) लाल दिवा लुकलुकताना दिसला.

सुलूमावशी

वाचून हात गार पडले. पुढच्या तुकड्यावरच्यांचं काय झालं?

खारवारा

तिथे कप्तानासह आठ जण होते. कोणी वाचलं नाही. दोन्ही टँकर मिळून ८४ माणसं होती, त्यातली ७० वाचली. फोर्ट मर्सरवरचे ३८ जण वाचले. त्यातले बरेच इतर कटर आणि बोटींनी काढले, काही जण मागच्या तुकड्यावरच थांबले.

वितळबिंदू

हे टँकर तुटले त्याबद्दल थोडं लिहितो, कारण "वादळ होतं म्हणून तुटले" एवढ्यावर सोडणं मला पटत नाही.

युद्धाच्या आधी जहाजांचे पत्रे रिव्हेट मारून जोडत. रिव्हेटच्या जोडणीत एका पत्र्याला तडा गेला तर तो पत्र्याच्या कडेला थांबण्याची शक्यता असते, कारण पुढचा पत्रा वेगळा असतो. युद्धात जहाजं भराभर हवी होती, म्हणून वेल्डिंग आलं आणि सगळं कवच एकसंध झालं. आता तडा सुटला की त्याला अडवणारं काही नाही. त्यात त्या काळच्या पोलादात गंधकाचं प्रमाण जास्त. खोलीच्या तापमानाला ते वाकतं, पण थंड पाण्यात ठिसूळ होतं. चौकोनी झाकणाचा कोपरा किंवा वेल्डिंगमधली बारीक खोट, तिथून तडा सुरू झाला तर क्षणात जहाजाभोवती फिरतो.

१६ जानेवारी १९४३ ला स्केनेक्टडी नावाचा नवाकोरा टी-२ टँकर ओरेगॉनमध्ये पोर्टलंडच्या गोदीत, शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेला असताना तुटला. वादळ नाही, लाट नाही. त्यानंतर या जहाजांच्या अंगावर तडा अडवणाऱ्या पट्ट्या बसवल्या गेल्या. पेंडल्टनला तर आदल्याच वर्षी एक तडा गेलेला होता, आणि तरी तो फेब्रुवारीत, भरलेल्या टाक्यांनिशी, लुइझियानाहून बॉस्टनकडे निघाला.

माझ्या कामात आजही पोलादाच्या तुकड्याला खाच पाडून, तो थंड करून, हातोड्याने तोडून बघतात. ती चाचणी शार्पीच्या नावाने या जहाजांच्या कितीतरी आधीपासून होती, पण जहाजाच्या पत्र्यांना ती लागू झाली ती ही जहाजं तुटल्यावर. म्हणून अशा बोटींच्या गोष्टीत शौर्याबरोबर हेही यायला हवं, की ती माणसं तिथे अडकली कशामुळे.

मीनाक्षी_क

@वितळबिंदू, कॉलेजात हे अशा भाषेत कोणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. वाचनखूण साठवली.

तांडेलाचा_नातू

आता मूळ बोटीबद्दल. आमच्या घरी आजोबांपासून बोटी आहेत, त्यामुळे जाळं आणि जहाज सोडून माझं लक्ष तिच्या बांधणीकडेच गेलं.

३६५०० चं वजन सुमारे नऊ टन आणि त्यातलं नऊशेएक किलो नुसत्या काशाच्या कीलमध्ये, म्हणजे तळाच्या कण्यात. म्हणजे एकूण वजनाचा दहावा हिस्सा अगदी तळाला. पुढे नाळेशी आणि मागे उंच बंद हवेचे कप्पे. बोट उलटी झाली तर ते कप्पे पाण्याखाली जातात आणि वर उसळी घेतात, जड कील वर लटकते, आणि उलट्या स्थितीत ती टिकूच शकत नाही. आपोआप सुलटी होते. डेकवर आलेलं पाणी बाजूच्या भोकांतून एकतर्फी झडपांनी बाहेर जातं, माणसाला उपसावं लागत नाही. यात वीज नाही, पंप नाही, कोणी बटण दाबायचं नाही. वजन कुठे ठेवायचं आणि हवा कुठे कोंडायची एवढंच. म्हणून काच फुटली, होकायंत्र गेलं, इंजिन बंद पडत राहिलं, तरी बोट बोट राहिली.

वेग मात्र बेताचा, नऊ नॉट. ९० अश्वशक्तीचं एकच पेट्रोल इंजिन. तेच तिचं दुखणं, पेट्रोल वरून खाली उताराने येई आणि बोट आडवी झाली की धार तुटे. पुढे या बोटींना डिझेल बसवलं ते योग्यच झालं.

तुमच्या प्रश्नावर: लाकडी बोट कोरड्यात ठेवली की मरते. फळ्या सुकतात, आकसतात, सांधे उघडतात. आमच्याकडे जून-जुलैची मासेमारी बंदी असते तेव्हा बोट वर ओढून शाकारतो, पण ती हवा ओली असते. उन्हाळ्यात लाकडी होडी महिनाभर उघड्यावर टाकून बघा, पाण्यात घातल्यावर पहिले काही दिवस ती पाणी पीतच राहते. तेरा वर्षं उघड्यावर राहून ही वाचली याचं मला नवल वाटतं. माझं मत पाण्यात.

पुराभिलेख

@तांडेलाचा_नातू, बोट म्हणून तुमचं बरोबर आहे. पण ती आता फक्त बोट नाही, पुरावाही आहे. मी वस्तूंच्या जतनाचं काम करते, तिथून बोलते.

इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या क्रोमर गावाची एच. एफ. बेली ही लाइफबोट बघा. १९३५ ते १९४५ ती क्रोमरला होती, कॉक्सवेन (सुकाणू धरणारा प्रमुख) हेन्री ब्लॉगच्या हाताखाली. ५०० हून जास्त माणसं तिने आणली. ब्लॉगने ५३ वर्षं सेवा केली, तीन सुवर्णपदकं मिळवली. ती बोट आज त्याच्या नावाच्या संग्रहालयात, छपराखाली, कोरड्यात उभी आहे. लोक तिच्या कीलपर्यंत वाकून बघू शकतात, सुकाणूपाशी हात लावता येईल इतक्या जवळ जाऊ शकतात. हवेतला ओलावा राखला तर लाकूड आकसत नाही, हे तंत्र आज कोणालाही ठाऊक आहे.

पाण्यात ठेवलेल्या बोटीची दर दहा-वीस वर्षांनी थोडी थोडी बोट बदलते. फळी गेली, खिळे गेले, इंजिन तर केव्हाच गेलं. १९५२ च्या रात्री टँकरच्या पत्र्यावर आपटलेलं लाकूड कोणतं, हे पन्नास वर्षांनी कोणाला दाखवणार आहात?

तांडेलाचा_नातू

ताई, पण लाकडी बोट नोकरीत असतानाही फळ्या बदलतच जगते. १९६८ ला निवृत्त झाली तेव्हाही ती १९४६ ची तशीच्या तशी नसणार. दुरुस्ती हा तिच्या इतिहासाचाच भाग आहे.

नकाशावेडा

+१. थोडं भूगोलाचं घालतो. चॅटमच्या दक्षिणेला मोनोमॉयची वाळूची जीभ आहे, आणि त्याच्या आसपासच्या रेतीच्या पाट्या दर वादळात जागा बदलतात. १७ मार्च १९०२ ला याच पाण्यात वडीना नावाच्या बार्जवरून (मालवाहू तराफ्यासारखी बोट) पाच माणसं काढून आणताना मोनोमॉय ठाण्याची वल्ह्यांची बोट उलटली. बार्जवरचे पाचही आणि ठाण्याचे प्रमुखासह सात जण बुडाले. वाचला एकटा सेथ एलिस, त्याला एल्मर मेयोने छोट्या होडीने एकट्याने जाऊन काढलं. पन्नास वर्षांनी वेबर त्याच भागात निघाला तेव्हा चॅटममध्ये ही हकिकत ठाऊक नसलेलं घर नसेल.

त्या जुन्या जीवरक्षक सेवेत एक बोलणं होतं: नियमात बाहेर जाणं सक्तीचं लिहिलंय, परत येण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. १९१५ साली ही सेवा आणि महसूल खात्याची गलबतं एकत्र करून तटरक्षक दल झालं, पण बोलणं तेच राहिलं.

रेवसमार्गे

हे वाचताना रामदास बोट आठवल्याशिवाय राहत नाही. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. मुंबईला बातमी कळायला कित्येक तास लागले. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी मासळी पाण्यात टाकून दिली आणि हाताला लागतील तेवढी माणसं बोटीत ओढली. आमच्या पंचक्रोशीत अजूनही त्यांचं नाव निघतं. त्यांच्यातली एकही बोट आज कुठे जपून ठेवलेली नाही.

लोकलकर

शेवटच्या वाक्याला वेगळा धागा हवा. काढाच.

संपादक_२

रामदासवर स्वतंत्र धागा जरूर काढावा, इथे दुवा द्यावा. या धाग्यावर ३६५०० बद्दल बोलूया. धन्यवाद.

आडवाटेचा

मला थोडं वेगळं म्हणायचंय. एवढी चर्चा एका रात्रीची. बोटीचं श्रेय किती आणि माणसाचं किती? त्याच साच्याच्या बोटी कर्टिस बेमध्ये १९५६ पर्यंत बांधल्या जात होत्या. त्यातल्या कुठल्याही बोटीवर वेबर असता तर तीच बोट आज प्रसिद्ध असती. तिला "सुवर्णपदक बोट" म्हणतात, पण पदक माणसांना मिळालं.

खारवारा

@आडवाटेचा, पदकाचा मुद्दा काढलात म्हणून सांगतो. सुरुवातीला सुवर्णपदक एकट्या वेबरला आणि बाकी तिघांना रौप्य असं ठरत होतं. वेबरने सांगितलं, चौघांना सारखं देणार असाल तरच मी घेईन. चौघांनाही सुवर्ण मिळालं.

दुसरं, त्या साच्याच्या बोटी अनेक होत्या हाच माझ्या दृष्टीने तिचा मोठेपणा आहे. ३६५०० खास नव्हती, त्या रात्रीसाठी बनवलेली नव्हती. मासेमारांच्या बंद पडलेल्या बोटी ओढून आणायच्या, आजारी खलाशी उतरवायचा, धुक्यात शोधत फिरायचं, हे या बोटींचं रोजचं काम. आणि त्या आधी कोणीतरी तिचे प्लग साफ केलेले, झडपा तपासलेल्या, दोर बदललेले. इंजिन त्या रात्री बंद पडलं, पण प्रत्येक वेळी पुन्हा सुरू झालं. त्यामागे आदल्या कित्येक महिन्यांची देखभाल आहे, आणि ती करणाऱ्यांची नावं कुठल्या पदकावर नाहीत. मी तिला पाण्यात ठेवा म्हणतो ते यासाठी. पाण्यात ठेवली की तीच देखभाल चालू राहते. नवीन माणूस तेच इंजिन, तोच दोर हाताळायला शिकतो.

वितळबिंदू

या वर्गाच्या जागी १९६२ पासून पोलादी चव्वेचाळीस फुटी बोट आली. दोन डिझेल इंजिनं. ती इतकी जमली की ब्रिटिशांच्या लाइफबोट संस्थेने, आरएनएलआयने, एक विकत घेऊन तिच्यावरून स्वतःचा वेव्हनी वर्ग बनवला. तरी छत्तीस फुटी लाकडी बोटींपैकी शेवटची ओरेगॉनच्या किनाऱ्यावर १९८७ पर्यंत कामावर होती. लाकडाची बाजू घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सुलूमावशी

आता माझं मत. पाण्यात ठेवा, पण थंडीत वर घ्या आणि छपराखाली ठेवा. माणसालाही वयानंतर आपण असंच म्हणतो ना, उन्हाळ्यात फिरा, थंडीत जपा.

मीनाक्षी_क

वेबर पुढे काय करत होता? हयात आहे का?

नकाशावेडा

२००९ मध्ये गेला. दलाने त्याच्या नावाने एक कटर काढला, सेंटिनेल वर्गातला पहिला, २०१२ ला मायामीत सेवेत आला. पेंडल्टनचा मागचा तुकडा मोनोमॉयजवळ रेतीत रुतून बरीच वर्षं दिसत असे.

खारवारा

आणि २००२ साली, पन्नास वर्षं झाल्यावर, वेबर, फिट्झजेराल्ड, लिव्हसी आणि मास्की चौघेही चॅटमला एकत्र आले आणि याच बोटीतून बंदरात फेरी मारली. सुकाणूवर पुन्हा वेबर. मास्की पुढच्याच वर्षी गेला. @पुराभिलेख, ताई, बोट छपराखाली असती तर ही फेरी झाली नसती. माझ्याकडे याहून मोठं कारण नाही.

पुराभिलेख

२००२ ची फेरी मला ठाऊक नव्हती. ते चौघे हयात असेपर्यंत ती चालती ठेवायलाच हवी होती, हे मान्य. पण आता ते नाहीत, म्हणून माझा प्रश्न अजून तसाच आहे. निदान एवढं व्हावं: जी फळी काढाल ती जाळू नका, फेकू नका. तिच्यावर तारीख आणि बोटीतली जागा लिहून कोरड्या खोलीत ठेवा. प्रत्येक दुरुस्तीचं रेखाचित्र करा. तसं करणार असाल तर बोट पाण्यात ठेवायला माझी हरकत नाही.

तांडेलाचा_नातू

ताई, हे आम्हीही करत नाही आणि करायला हवं. घरची जुनी बोट दोन वर्षांपूर्वी मोडली. तिची एक फळी तरी ठेवायला हवी होती असं आज वाटतं.

सह्यपुत्र

पुढच्या महिन्यात बॉस्टनला मुलीकडे जातोय. रॉक हार्बरला बोट बघायला कधी जावं?

खारवारा

भरतीची वेळ बघून जा. केप कॉड बेच्या त्या बाजूला ओहोटीला पाणी खूप आत जातं, बंदरात चिखल दिसतो. बोट त्या दिवशी तिथे आहे ना, हे निघण्याआधी ऑर्लीन्सच्या संग्रहालयात फोन करून विचारा. वेळ असेल तर चॅटमच्या मासळी धक्क्यावरही जा, वाचलेली माणसं तिथेच उतरली होती.